अर्धे वाढवावे

संगणकाच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षे सूचना लिहिल्या. कोणती कळ दाबावी, ती दाबल्यावर पडद्यावर काय दिसेल आणि ते न दिसल्यास काय करावे, हे मी अशा परदेशस्थ माणसांना सांगत असे, ज्यांना मी कधी पाहिले नाही आणि ज्यांनी मला कधी उलट प्रश्न विचारला नाही. माणसांशी बोलण्याचा हा प्रकार मला मानवला होता. समोरासमोर मात्र दोन वाक्यांपुढे माझी मजल जात नसे. तिसरे घशातच बसून राही. बैठकीत माझी पाळी जवळ आली की मी पाणी आणायला उठत असे. त्यामुळे मला फार तहान लागते, असा कंपनीत माझा लौकिक झाला होता.

पाव मी पन्नाशीत शिकलो. कंपनीने मला सात महिन्यांसाठी एका थंड गावी पाठवले होते. तिथल्या घरमालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि मला त्यांची भाषा, त्यामुळे आमचे उत्तम जमले. त्यांच्या ओट्यावर काचेची एक बरणी असे. तिच्यात पीठ आणि पाणी एवढेच आंबत असे आणि त्याच्या जोरावर, विकतचे यीस्ट न घालता, त्या दर आठवड्याला पाव भाजत. त्यांनी हाताने दाखवले, मी हाताने केले. परत आल्यावर नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी तशीच बरणी मांडली. आठव्या दिवशी गव्हाचे पीठ बुडबुडू लागले. या पावाला सॉवरडो म्हणतात. बरणीतल्या ऐवजाला मी विरजण म्हणत असे. काम तेच, फक्त दुधाच्या जागी पीठ.

पुढे कंपनीला सूचना लिहिणाऱ्या माणसाची गरज उरली नाही आणि मी त्रेपन्नाव्या वर्षी घरी आलो. तीन महिने माझ्या पत्नीने काही म्हटले नाही. मग एके दिवशी बँकेतून आल्यावर तिने पर्स खुंटीला लावता लावता विषय काढला.

"अहो, दिवसभर पावाबरोबर असता, त्यापेक्षा चार माणसांना तो शिकवा. बोलणं तरी होईल."

"मी पावाशी बोलत नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. त्याच्याशीसुद्धा नाही."

तिने सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना निरोप धाडला, त्यांनी तो पुढे धाडला आणि आठ जणींची नावे आली. बेत दोन रविवारांचा होता. पहिल्या रविवारी पीठ हाताळायला शिकायचे आणि प्रत्येकीने वीस ग्रॅम विरजण घरी न्यायचे. आठवडाभर ते रोज पीठ-पाणी घालून पोसायचे आणि दुसऱ्या रविवारी पाव भाजायचा. मी चौदा पानांचे भाषण लिहून काढले आणि फ्रिजसमोर उभे राहून त्याचा सराव केला. चौथ्या पानावर संपूर्ण विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते: "रोज सकाळी आधी अर्धे विरजण टाकून द्यावे." तसे न केल्यास रोज घातलेल्या पिठाने ते आवाक्याबाहेर वाढत जाते. फ्रिजने यावर आक्षेप घेतला नाही.

रविवारी सात जणी वेळेवर आल्या. आठव्या आल्या त्या स्वतःची परात घेऊन, आणि त्यांना दारात पाहताच माझी चौदाही पाने मला कोरी दिसू लागली. त्या माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या.

त्यांनी एकदा मला फळ्यापाशी उभे केले होते. एक हौद एका नळाने सहा तासांत आणि दुसऱ्याने बारा तासांत भरतो. तिसरा नळ भरलेला हौद सहा तासांत रिकामा करतो. तिन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? उत्तर मला येत होते. मी ते तोंडाशी आणून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "येत नाही म्हण, पण काहीतरी म्हण." मी तेही म्हणालो नाही. घंटा झाली, बाई वर्गाबाहेर गेल्या, आणि मला "खाली बस" असे कोणी सांगितलेच नाही. बसलो असेन मी पुढे कधीतरी. पण आतून अजून बसलेलो नाही, असे मला पुष्कळदा वाटते.

बाईंनी मला ओळखले नाही. "आपणच शिकवणार का?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. "बरं. हे सावर्डे काय प्रकरण आहे ते बघू," म्हणत त्या अगदी पुढे बसल्या.

पीठ भिजवण्याचा भाग बरा गेला, कारण तिथे हातच बोलत होते. हे पीठ सैल असते. ते तिंबायचे नसते, ओल्या हाताने एका कडेला धरून ताणायचे आणि घडी घालायची असते. आठांतल्या सात जणींचे हात जन्मभर कणकेत मुरलेले. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ते तिंबून घट्ट गोळे केले.

"हे फार सैल होतं हो," एक जण समजुतीच्या सुरात म्हणाली. "याच्या पोळ्या लाटता आल्या नसत्या."

"पोळ्या लाटायच्या नाहीत," मी म्हणालो.

"मग काय लाटायचं?"

त्यातल्या त्यात हडपसरच्या एका कंपनीत नोकरी करणारी, मूळची यवतमाळकडची एक मुलगी माझ्याकडे नीट पाहून तसेच करत होती. तिने कोपरापर्यंत पीठ माखून घेतले होते आणि गळ्यातले कंपनीचे ओळखपत्रही परातीत बुडवले होते. "सर, मला घरी चहाच्या वर काही येत नाही," ती म्हणाली. "आई म्हणते, तुझ्या हाताला चव नाही. मी तिला म्हटलं, थांब, पावच करून दाखवते."

मग चौथे पान आले. नेमक्या त्याच क्षणी बाईंनी परातीच्या कडेला चिकटलेला पिठाचा कण बोटाने खरवडला, आपल्या गोळ्याला लावला आणि कोणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अन्न आहे."

मी वाक्याच्या उंबरठ्यावर थांबलो. समोर त्या बाई आणि माझ्या तोंडात "टाकून द्या". माझ्या आईच्या घरात अशुभ शब्द वापरायची पद्धत नव्हती. नारळ फुटत नसे, वाढवला जाई. बांगडी फुटली तरी वाढवलीच म्हणायची. दुकानदार दुकान बंद करत नसे, दुकान वाढवत असे. अडचणीत सापडलेल्या माणसाला आईची भाषा आठवते. मी म्हणालो:

"रोज सकाळी आधी अर्धं... वाढवायचं. मग जेवढं असेल तेवढंच पीठ आणि तेवढंच पाणी घालायचं."

आठ जणींनी ते लिहून घेतले. आपण किती नाजूकपणे वेळ निभावली, याचे मला स्वतःचे कौतुक वाटले. हे कौतुक गुरुवारपर्यंत टिकले.

मंगळवारी हडपसरच्या मुलीचा फोन आला. "सर, ते तर वाढूनच राहिलं आहे!"

"छान," मी म्हणालो. "वाढलंच पाहिजे." विरजण जिवंत असल्याची ती खूण होती.

बुधवारी पुन्हा फोन. "सर, कढई भरली. उद्यापण वाढवू?"

कढईचा उल्लेख मला खटकायला हवा होता. पण फोनवर प्रश्न विचारणे मला उत्तर देण्याहूनही जड जाते. वाढवू, म्हणजे अर्धे काढून टाकू, असेच ती विचारते आहे, असे मी धरून चाललो. "हो हो. न चुकता वाढवायचं. तेच तर मुख्य आहे."

"बरं सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात धीर एकवटल्यासारखे काहीतरी होते. "मग मी बादली आणते."

बादली कशाला, याचा मी रात्री जेवताना थोडा विचार केला आणि तिला कपडे भिजवायचे असतील, असे ठरवले.

गुरुवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"अहो, तुम्हाला भूमिती श्रेढी ठाऊक आहे का?"

"हो," मी म्हणालो.

"मग ऐका. वीस ग्रॅम. तुम्ही म्हणालात आधी अर्धं वाढवा. झाले तीस. मग तेवढंच पीठ, तेवढंच पाणी. झाले नव्वद. म्हणजे रोज साडेचारपट. आज माझ्याकडे सव्वाआठ किलो आहे. याच चालीने रविवारी सकाळी सातशे सत्तेचाळीस किलो होईल. माझं स्वतःचं वजन बेचाळीस आहे. मी कुठे बसायचं?"

तेव्हा मला कळले. आठ घरांत आठ जणी रोज सकाळी उठून माझ्या आज्ञेनुसार आधी अर्ध्याने भर घालत होत्या आणि मग त्या सगळ्याची तिप्पट करत होत्या. मी एकोणीस वर्षे सूचना लिहिणारा माणूस.

"आज... वाढवू नका," मी म्हणालो. "फ्रिजमध्ये ठेवा."

"फ्रिजमध्ये!" बाई म्हणाल्या. "मग फ्रिज कुठे ठेवू?"

पत्नीने सगळ्यांना निरोप लिहिला: "आजपासून वाढवणे बंद. आहे ते रविवारी घेऊन यावे." मग तिने मान वर केली. "कारण काय लिहू?"

मी पाणी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा उत्तरे आली होती. दोघी एकमेकींना, तूच चमचा चुकीचा घेतलास, म्हणून बोल लावत होत्या. हडपसरच्या मुलीने मला वेगळे लिहिले होते: "सॉरी सर. मी नोट्स नीट घेतल्या नसतील. माझ्या हातून असंच होतं. बादली आणून देईन रविवारी, पण क्लासला नाही थांबणार."

पत्नीने ते वाचले आणि फोन माझ्यासमोर उपडा ठेवला. "तिची चूक आहे का?"

"नाही."

"मग रविवारी सांगा. मी सांगणार नाही. मी आधीच बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका समजावून सांगते."

चार शब्द होते: चूक माझी, शब्द माझा. मी ते फ्रिजसमोर म्हणून पाहिले. तिसऱ्याला अडलो.

रविवारी आमच्या जिन्यात जी मिरवणूक आली, तिच्यात दोन बादल्या, एक बारा लिटरचा कुकर, पुरणाचे पातेले, इडलीपात्र आणि कोणाच्या तरी मुलाचा अंघोळीचा टब होता. बाईंनी लाडवांचा मोठा डबा दोरीने बांधून आणला होता आणि झाकणावर वरवंटा ठेवला होता. "तरी रात्री दोनदा उघडला," त्या म्हणाल्या. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी एक पाव मावतो. त्या हिशेबाने सगळे भाजायला दिवाळी उजाडली असती.

पत्नीने खडकीच्या बेकरीत फोन लावला. तिथून मी पीठ आणत असे. मालक सत्तरीचे, त्यांच्या आजोबांपासून तिथे लाकडाची भट्टी पेटती होती. रविवारी दुपारी भट्टी गरम असते आणि काम नसते, या म्हणाले. तीन रिक्षा केल्या. माझ्या रिक्षात मी, बाई, हडपसरची मुलगी आणि तिची बादली. ती केवळ बादली पोचवण्यापुरती आली होती, हे तिने दोनदा सांगितले.

रिक्षावाल्याने बादलीकडे पाहिले. "काका, जनावर नेत नाही मी."

"पीठ आहे," मी म्हणालो.

"मग हलतंय कशाला?"

याला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते दोन वाक्यांहून लांब होते. पूल ओलांडल्यावर गतिरोधक आला, झाकण उडाले आणि पिठाचा एक संथ, जाड ओठ बादलीबाहेर लोंबला. मुलीने तो दोन्ही हातांनी आत ढकलला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. "त्याला म्हणावं, अंग आत घे. पलीकडून टेम्पो येतोय."

बेकरीच्या अंगणात सगळी भांडी ओळीने मांडली. मालक एकेक झाकण उचलून पाहत गेले. वास घेतला, बोट बुडवून चाखले. शेवटी कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"खमीर तर जबरदस्त आहे," ते म्हणाले. "पण एवढं? आमची आख्खी भट्टी चालते ना, तिला एवढं लागतं." त्यांनी ओंजळ करून दाखवली. "कोणी सांगितलं हे असं करायला?"

मुलीने खाली पाहिले आणि म्हणाली, "मीच नीट ऐकलं नव्हतं, चाचा. माझंच..."

मी एक पाऊल पुढे आलो आणि तोंड उघडले. आवाज आला नाही. तोंड उघडे, हात मांडीला चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. भट्टीत एक लाकूड तडकले. मालक माझ्याकडे पाहत होते, आठ जणी पाहत होत्या. आणि बाई पाहता पाहता एकदम पुढे वाकल्या.

"थांबा. हे असं उभं राहणं मी पाहिलंय." त्यांनी चष्मा वर सरकवला. "हौद! तू तो हौदवाला आहेस. तू रे! आठवडाभर मी तुला अहो-जाहो करतेय?"

"हो बाई," मी म्हणालो. आणि एकदा तोंडातून आवाज निघाल्यावर, तो परत जायच्या आत मी घाईघाईने उरलेले सगळे बोलून टाकले. "हिची चूक नाही. कोणाचीच नाही. चूक माझी आहे, मी शब्द चुकीचा वापरला. मला अर्धं वाढवा म्हणजे भर घाला असं म्हणायचं नव्हतं. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसं. अर्धं काढून टाका, असं म्हणायचं होतं. पण बाई समोर होत्या आणि अन्नाला टाका म्हणवेना."

ही सलग सात-आठ वाक्ये होती. आणि मी पाणी आणायला गेलो नव्हतो.

मालक आधी हसले. "अरे, मग बरोबरच आहे की! मी रोज नऊला दुकान वाढवतो. आजपर्यंत कोणी विचारलं नाही, किती मजले चढवले म्हणून."

"म्हणजे मी विचारलं की, उद्यापण वाढवू," मुलगी सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही म्हटलं, न चुकता..."

"टाकायला सांगत होतो."

"बाप्पा!" ती म्हणाली. "आणि मी नवीन बादली आणली!" मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे मी जे ऐकलं ते बरोबर केलं? एकदम बरोबर?"

"सगळ्यांत बरोबर," मी म्हणालो.

मला वाटले, आता सुटलो. पण इतर सात जणींच्या चेहऱ्यावर वेगळेच काही जमू लागले होते.

"टाकायचं?" कुकरवाली म्हणाली. "रोज? अर्धं?"

"गव्हाचं पीठ?" टबवालीने विचारले.

"कुठे टाकायचं म्हणे?"

मी शास्त्र समजावू लागलो, पण ते कोणी ऐकून घेईना. शब्द चुकल्याबद्दल मला कोणीच बोल लावत नव्हते. बरोबर शब्द वापरला असता तर मी काय सांगणार होतो, याबद्दल मात्र मी उघडा पडलो होतो. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

"टाका म्हणाला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर मी परात उचलून घरी गेले असते."

"आणि आम्ही पण," पातेलेवाली म्हणाली.

"तेव्हा झालं ते ठीक झालं," बाईंनी निकाल दिला. "पण गणित चुकलंच. भरणारे दोन नळ सांगितलेस, पीठ आणि पाणी. रिकामा करणारा नळ लाजत लाजत सांगितलास. हौद वाहणारच. टाका नको म्हणूस, 'काढा आणि धिरडी घाला' म्हण. नळ तोच."

एवढा सोपा शब्द मला एकोणीस वर्षांच्या अनुभवाने सुचला नव्हता. काढा. मी तो खिशातल्या चौथ्या पानावर तिथल्या तिथे लिहून घेतला.

"बोलणं नंतर," मालक म्हणाले, "भट्टी थंड होते." त्यांच्या सांगण्यावरून त्या खमिरात मीठ, कांदा आणि थोडे पीठ घातले. मी बाह्या वर केल्या आणि हात ओला करून ताणायचे कसे, घडी कशी घालायची, ते पुन्हा दाखवले. या वेळी कोणालाही तिंबता आले नाही, कारण ते तिंबण्यापलीकडे गेलेले होते. धरावे तिथून ते निसटत होते. मुलीचा गोळा सगळ्यांत चांगला झाला. घरी जायची आठवण तिला राहिली नसावी. तिने ओळखपत्र पाठीमागे टाकले, आणि आईला पाठवायला म्हणून मालकांकडून आपल्या हातांचा फोटो काढून घेतला. लांब दांड्याच्या फावड्याने मालकांनी एकेक गोळा भट्टीत सरकवला. ते फुगले नाहीत. आडवे पसरून एकमेकांना जाऊन भिडले, आणि आत आठ जणींचा मिळून एकच पाव तयार होऊ लागला.

आम्ही वाट पाहत थांबलो. बाई एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर, सवयीने, उभा होतो.

"काय रे," त्या म्हणाल्या, "त्या हौदाचं उत्तर काय होतं?"

"बारा तास, बाई."

"तेव्हा येत होतं तुला?"

"येत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तास संपला, बाई."

त्यांनी शाळेत करत तसा उजवा हात हवेत खाली दाबला.

"बरोबर आहे उत्तर. बस आता."

बसायला दुसरे काही नव्हते. अजून न भाजलेल्या पिठाच्या एका बादलीचे झाकण घट्ट लावून मी त्यावर बसलो. आतून बुडबुड ऐकू येत होती, आणि मला वर उचलण्याचा कोणीतरी मनापासून प्रयत्न करत होते.